थेंबाथेंबातून धडधडणाऱ्या पेशी

लॅबमध्ये नवीन आलेली पोरं पहिला प्रश्न हमखास विचारतात, "ताई, मूलपेशींना हृदयाच्या पेशींचं वळण लावायला मीडियात (पेशी वाढवायच्या द्रावणात) काय घालायचं?" काही घालायचं नाही, काढायचं. लिफ नावाचं प्रथिन आहे तोवर उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी (भ्रूणातून घेतलेल्या, शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या) आहेत तशाच राहतात. केंब्रिजमध्ये इव्हान्स आणि कॉफमन यांनी १९८१ मध्ये त्या वाढवल्या तेव्हा खाली फीडर पेशींचा, म्हणजे त्यांना पोसणाऱ्या पेशींचा थर लागायचा. लिफचा हा गुण कळला १९८८ मध्ये.

ट्रिप्सिन (पेशींची पकड सोडवणारं विकर) देऊन पेशी अगदी सुट्या करा. फीडरवर वाढवल्या असतील तर अर्धा तास साध्या डिशमध्ये ठेवा. फीडर आधी चिकटतात, मूलपेशी वर राहतात, त्या उचला. मग लिफ नसलेल्या मीडियाने दोनदा धुवा. पहिल्या वर्षी मी कंटाळा करून एकदाच धुतलं. गोळे मस्त गुबगुबीत झाले, पण धडधडला एकही नाही.

आता मोजणी: मिलीलिटरमागे २५,००० पेशी. २० मायक्रोलिटरचा थेंब टाकला की त्यात ५०० आल्या. हे थेंब डिशच्या झाकणाच्या आतल्या बाजूला द्यायचे, खाली डिशमध्ये पीबीएस हे मिठाचं द्रावण ओतायचं (विसरलात तर थेंब सुकलेच म्हणून समजा) आणि झाकण न कचरता उलटायचं. थेंब पागोळ्यांसारखे लटकतात. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दोन दिवस. डिशला हात लावू नका.

पेशी थेंबाच्या टोकाशी उतरतात, एकमेकींना बिलगतात, गोळा होतो. इथून त्यांच्या वाटा फुटतात. बाहेरच्या कडेच्या पेशी आद्य अंतःस्तराकडे (भ्रूणातल्या अगदी सुरुवातीच्या एका थराकडे) वळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत ब्रॅक्युरी जनुक जागं होतं, म्हणजे मध्यस्तर (भ्रूणाचा मधला थर) आला. हृदयाचे स्नायू त्यातूनच. मूलपेशीपणाची खूण असलेलं ऑक्ट-४ जनुक हळूहळू मावळतं.

दोन दिवसांनी गोळे जीवाणूंसाठीच्या साध्या पेट्रीडिशमध्ये तरंगते ठेवा. पेशींसाठीची महाग डिश घेतली तर तिथेच चिकटतील. पाचव्या दिवशी मात्र जिलेटिन लावलेल्या डिशवर मुद्दाम चिकटू द्या.

आठव्या दिवसापासून रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघा, पण चटकन. डिश गार झाली की ठोके मंदावतात. माझ्या एका पोराने तशीच चांगली डिश फेकून दिली होती.