आपला खासदार-आमदार हवामान बदल आणि विजेबद्दल नेमकं काय मानतो, हे कसं शोधायचं

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडीकडं कुणालाही विचारा पाऊस बदललाय का, लगेच सांगतील. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, 2021 च्या जुलैत परत आला, दूधगंगा-वेदगंगा काठच्या गावांनी दोन वर्षांच्या आत दोनदा घरं सोडली, आणि मग 2023 ला पाऊसच नाही, कर्नाटकातल्या 236 पैकी 223 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. एवढं सगळं अंगावर आलेलं असताना त्याच माणसाला विचारा की तुमच्या खासदाराचं यावर म्हणणं काय, तर उत्तर नाही. पक्ष माहीत, जात माहीत, मराठी-कन्नडवर कुठल्या बाजूला आहे ते माहीत, हेच तेवढं माहीत नसतं. मला हे फार खटकतं, कारण मोटरला करंट किती तास मिळणार आणि नदीचं पाणी कुठवर चढणार हे आता याच मतांवर ठरतंय. तर हे मत शोधायचं कसं ते सांगतो, मोबाईल आणि थोडा निवांत वेळ एवढंच लागतं.

सगळ्यात आधी आपला माणूस कोण ते बरोबर धरा, इथं लय जण चुकतात. जिल्ह्यात आमदार 18 आहेत पण लोकसभेला जिल्हा तिघांत वाटलाय. बेळगाव शहर, ग्रामीण, गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग ही बाजू बेळगाव मतदारसंघात, तिथं 2024 ला जगदीश शेट्टर निवडून आले. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग, हुक्केरी हा पट्टा चिकोडीत, तिथं प्रियांका जारकीहोळी. आणि खानापूर, कित्तूर हे उत्तर कन्नड मतदारसंघात जातात, खासदार विश्वेश्वर हेगडे कागेरी. म्हणजे खानापूरच्या माणसानं बेळगावच्या खासदाराला धरून काही उपयोग नाही.

दुसरं, कुठला प्रश्न कुणाच्या हातात आहे ते बघा. कोळसा, सोलरच्या केंद्राच्या योजना, इथेनॉल, जगासमोर भारतानं दिलेली वचनं हे दिल्लीचं. आयपी सेटला, म्हणजे शेतीच्या पाण्याच्या मोटरला, सात तास थ्री फेज द्यायची की पाच तास, हेस्कॉमकडं (आपल्याकडं वीज पुरवणारी सरकारी कंपनी) पैसे आहेत का, घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना, हे बेंगळूरचं. दर ठरवणं वीज नियामक आयोगाचं. ग्रामपंचायत सदस्याला कोळशाबद्दल आणि खासदाराला टीसी (ट्रान्सफॉर्मर) जळाल्याबद्दल विचारलं की दोघंही आरामात दुसरीकडं बोट दाखवतात आणि आपण रिकाम्या हातानं परत येतो.

आता खरं काम, भाषणं सोडा आणि नोंदी बघा. खासदारानं लोकसभेत कुठले प्रश्न विचारले ते संसद डॉट इन (sansad.in) या साईटवर नावानं शोधता येतं, मंत्रालय निवडताना ऊर्जा, नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा, कोळसा, पर्यावरण, जलशक्ती ही सगळी एकेक करून बघा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला नुसतं लेखी उत्तर मिळतं. एखाद्यानं वर्षभरात पुरावर किंवा विजेवर एकही प्रश्न विचारला नसेल तर ते पण एक उत्तरच समजा. विधानसभेचं कामकाज कन्नडमध्ये असतं, त्याला घाबरू नका, घरात कन्नड माध्यमात शिकणारं पोर असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या, त्यालाही कळेल आपला आमदार काय करतोय.

मंत्री झालेल्या माणसाचे प्रश्न सापडणार नाहीत, कारण तो उत्तरं देणारा असतो. अशा वेळी खुर्ची आणि माणूस वेगळे करून बघावे लागतात. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या, धारवाडचे खासदार प्रल्हाद जोशी. 2019 ते 2024 ते केंद्रात कोळसा मंत्री होते, त्या काळात सरकारचा सगळा जोर कोळशाचं उत्पादन वाढवण्यावर, जून 2020 मध्ये खासगी कंपन्यांना विक्रीसाठी कोळसा काढायला खाणींचे लिलाव सुरू झाले. जून 2024 पासून तेच नवीकरणीय ऊर्जा मंत्री, आता बोलणं 2030 पर्यंत सोलर-पवनसारखी कोळसा-गॅस सोडून 500 गिगावॅट क्षमता उभी करायचं. यात लगेच खोटं-खरं ठरवायला जाऊ नका, खुर्ची बदलली की बोलणं बदलणारच. बघायचं असतं ते हे की दोन्ही खुर्च्यांवर बसलेला माणूस कोळसा कधी आणि कसा कमी होणार यावर काही तारीख, काही आकडा देतो का, की सोलर वाढेल आणि कोळसाही वाढेल एवढंच सांगतो.

पंतप्रधानांचं पण तसंच वर्षवार मांडून बघा. नरेंद्र मोदी गुजरातचे मुख्यमंत्री असताना 2009 ला तिथं हवामान बदलासाठी वेगळं खातं निघालं. 5 सप्टेंबर 2014 ला शिक्षक दिनाच्या कार्यक्रमात एका विद्यार्थ्यानं हवामान बदलाबद्दल विचारलं तेव्हा त्यांच्या उत्तराचा सूर असा होता की हवामान बदललं नाही, आपली सहनशक्ती आणि सवयी बदलल्या. 2015 ला पॅरिसमध्ये फ्रान्सबरोबर आंतरराष्ट्रीय सौर आघाडी, 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2070 पर्यंत नेट झिरोचं वचन, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेऊ, आणि त्याच ग्लासगोत मसुद्यात कोळसा बंद करू असं होतं तिथं कमी करू असं लिहून घेण्यात भारत पुढं. एकच वाक्य उचललं तर समर्थकाला पण पुरावा मिळतो आणि विरोधकाला पण. सगळी वर्षं एका कागदावर लिहिली तरच माणूस कळतो, आणि हे कुठल्याही पक्षाच्या कुठल्याही नेत्याला लावा.

आकडा ऐकला की थांबायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. भारताची निम्मी वीज स्वच्छ झाली असं तुम्ही ऐकलं असेल. 2025 मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतली 50 टक्के क्षमता कोळसा-गॅस सोडून बाकीची झाली हे खरं आहे आणि ते मोठं काम आहे. पण क्षमता म्हणजे बसवलेली यंत्रं. सोलर रात्री चालत नाही, पवनचक्की वारा असेल तेव्हा, कोळशाचं केंद्र मात्र दिवसरात्र चालू शकतं, म्हणून वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून 70 टक्क्यांच्या आसपास आहे. नेता टक्के सांगायला लागला की एवढंच विचारा, हे बसवलेल्याचं आहे की तयार झालेल्याचं?

आता आपल्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा विषय, ऊस. इथं साखर कारखाना आणि राजकारण वेगळं करताच येत नाही, आणि इथेनॉल हे केंद्राच्या ऊर्जा धोरणाचं मोठं अंग आहे, पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळायचं उद्दिष्ट 2030 वरून अलीकडं आणलं गेलं. डिसेंबर 2023 मध्ये पाऊस कमी, साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं आणि ऑगस्ट 2024 मध्ये ते उठवलं. एका वर्षाच्या पावसानं ऊर्जा धोरण कसं हललं बघा की. म्हणून नेता इथेनॉलच्या बाजूनं बोलतो तेव्हा त्याचं निवडणुकीचं शपथपत्र काढा, फॉर्म 26 म्हणतात त्याला, निवडणूक आयोगाच्या साईटवर सगळ्यांना उघडता येतं. त्यात त्याची आणि बायकोची किंवा नवऱ्याची मालमत्ता, शेअर्स, कर्ज, उत्पन्नाचे मार्ग लिहिलेले असतात. कारखान्यात हिस्सा असला म्हणून मत चुकीचंच असं नाही, पण ऐकताना आपल्याला ते माहीत पाहिजे. आणि पुढचा प्रश्न हाच की ऊस वाढवायचा म्हणता तर घटप्रभा-मलप्रभेत पाणी कमी असेल त्या वर्षी काय करायचं, ठिबकसाठी तुम्ही काय केलंत?

विजेचं गणित पण असंच खोलात जाऊन बघावं लागतं. राज्याची गृहज्योती 200 युनिटपर्यंत शून्य बिल देते, केंद्राची पीएम सूर्यघर योजना छतावर 3 किलोवॅटचं सोलर बसवायला 78,000 रुपये देते. गरिबाला शून्य बिलानं खरा आधार मिळालाय, ते मी नाकारत नाही. पण बिलच शून्य असेल तर तो माणूस सोलरला पैसे का घालेल? काँग्रेसवाल्याला विचारा दोन्ही कसं जुळवणार, भाजपवाल्याला विचारा तुमच्या योजनेतनं आपल्या तालुक्यात किती घरं झाली. दोघांनाही हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

मोटरचं तर अजून जवळचं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सात तासांची वीज पाचवर आणली होती. पाऊस नाही म्हणून धरणं रिकामी, जलविद्युत कमी, आणि पाऊस नाही म्हणूनच शेतकऱ्यानं मोटर आधी चालू केली, मागणी जास्त, दोन्ही बाजूनं एकाच वेळी मार बसला. ज्या आमदाराला ही साखळी सांगता येते त्याला हवामान बदल कळलाय, त्यानं तो शब्द वापरला नाही तरी चालेल. त्याला सांगा, दिवसा सोलरची वीज असते तर आमच्या मोटरला दिवसाच द्या, रात्री साप-बिबट्याच्या भीतीनं पाणी पाजायला का जायचं. कुसुम योजनेत सबस्टेशनजवळ सोलर उभं करून शेतीचा फीडर (मोटरांना वीज नेणारी वेगळी लाईन) त्यावर चालवायची सोय आहे, आपल्या सबस्टेशनचं काय झालं, जागा बघितली का, हे नाव घेऊन विचारा.

पुराच्या बाबतीत एक पथ्य पाळा. निपाणी-चिकोडीत आपले पाहुणे कोल्हापूर-सांगलीला, आणि पूर आला की इकडचा नेता महाराष्ट्रातल्या कोयना धरणाच्या विसर्गाला आणि तिकडचा नेता कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला दोष देतो. अलमट्टीची उंची 519.6 वरून 524.256 मीटर करण्यावर तुमचं मत काय हे विचाराच, पण तिथंच थांबू नका. दोन्ही राज्यांच्या धरणांचे विसर्गाचे आकडे आमच्या गावाला किती तास आधी मिळणार, नदीपात्रातली बांधकामं कोण काढणार, यावर तो काय बोलतो ते महत्त्वाचं, कारण एका दिवसात पडणारा पाऊस वाढत चाललाय आणि तो सीमा बघत नाही.

प्रश्न विचारताना "तुम्ही हवामान बदल मानता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतील आणि झाडं लावल्याचे फोटो दाखवतील. जागा, योजना आणि तारीख घालून विचारा. जमलं तर लेखी द्या, मराठीत आणि सोबत कन्नडमध्ये, वर पोच घ्या. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौधला (विधिमंडळाची इमारत) अधिवेशन भरतं तेव्हा सगळं सरकार बेळगावात असतं, पण आमदाराला सभागृहात प्रश्न टाकायला आधीच नोटीस द्यावी लागते, म्हणून दिवाळीच्या सुमारासच त्याच्या हातात कागद पडला पाहिजे. हेस्कॉमनं दरवाढ मागितली की नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो, वीज कायदा 2003 मध्येच ते आहे, तिथं कुणीही ग्राहक लिहू शकतो, वकील लागत नाही. आमदाराला कळवा की आम्ही हरकत घालतोय, तुम्ही सही करणार का, आणि तो काय म्हणाला ते तारखेसकट गावच्या ग्रुपवर टाका.