रबर लायनिंग आतून सुटलंय का? थर्मल कॅमेऱ्याने बाहेरून कसं शोधायचं

हायड्रोक्लोरिक आम्लाची लाइन बाहेरून धडधाकट दिसते, रंगही नुकताच मारलेला असतो, आणि आत रबराचं लायनिंग (अस्तर) कुठेतरी पोलादापासून सुटलेलं असतं. आम्ल त्या फटीत शिरलं की साध्या पोलादाचा टिकाव लागत नाही. बडोद्याजवळ नंदेसरी-रणोली पट्ट्यात मी अशाच लाइनी तपासते. प्रत्येक स्पूल (पाइपचा सुटा होणारा तुकडा) उतरवून आत डोकावायला शटडाउनमध्ये, म्हणजे कारखाना बंद ठेवलेल्या काळात, वेळ मिळत नाही, म्हणून आधी कॅमेऱ्याने संशयित जागा शोधायच्या आणि तेवढेच स्पूल उघडायचे.

थर्मल कॅमेरा पोलादाच्या पलीकडे बघत नाही. तो फक्त बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. आतला दोष बाहेर उमटायचा असेल, तर पाइपच्या भिंतीतून उष्णता वाहती असायला हवी. थंड, रिकाम्या लाइनचे कितीही फोटो काढा, हाती काही लागणार नाही.

पोलादाची उष्णतावाहकता साधारण ५०, रबराची ०.१५ ते ०.२ आणि हवेची ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन. आतून गरम पाणी सोडलं की जिथे रबर झिजलंय किंवा फाटलंय तिथलं पोलाद लवकर तापतं. जिथे रबर शाबूत आहे पण मागे हवेचा फुगा आहे, तिथे ते उशिरा तापतं. म्हणजे गरम डागही वाईट आणि थंड डागही वाईट, दोघांचा अर्थ मात्र वेगळा. रिपोर्टमध्ये नुसतं ‘हॉट स्पॉट नाही’ असं लिहून सही करणारे बघितले की मला चीड येते. सुटलेलं लायनिंग बहुतेक वेळा थंडच दिसतं.

लाइन रिकामी करून धुऊन घ्या, दोन्ही बाजूंनी ब्लाइंड (लाइन बंद करणाऱ्या चकत्या) लावून घ्या, कामाचं लेखी परमिट हातात आल्याशिवाय हात लावू नका. वेळ पहाटेची. ऊन पडलेल्या पाइपची एक बाजू आधीच तापलेली असते आणि सगळं चित्र बिघडतं. जानेवारीत आपल्याकडे पहाटे छान गारवा असतो, तेव्हा फरक ठळक उमटतो. मे महिन्यात रात्रभर पोलाद कोमटच राहतं, त्यामुळे तपासणी हिवाळ्यात ठेवता आली तर उत्तम. वारा सुटला असेल तर ताडपत्रीचा आडोसा करा.

पाणी ५५ ते ६० अंश सेल्सिअस पुरे. लायनिंगवाल्याने दिलेली तापमानाची मर्यादा आधी बघा, ती याहून कमी असेल तर तीच पाळा. पाणी खालच्या टोकाकडून भरा आणि वरचा व्हेंट (हवा निघायची वाट) उघडा ठेवा. पाइपच्या माथ्यावर हवा अडकली तर तिथे लांबच लांब थंड पट्टा दिसतो आणि लायनिंग सुटल्याचा भास होतो. तळाशी गाळ असला तरी तसंच. फ्लँज (पाइप जोडायच्या कड्या), सपोर्ट आणि क्लॅम्पजवळ लोखंड जाड असल्याने तेही मागाहून तापतं. या जागा आधीच ड्रॉइंगवर खुणा करून ठेवा.

आता एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात किती चांगली बाहेर टाकतो त्याचं ० ते १ मधलं माप. साधा ऑइलपेंट, पांढरा असो की निळा, ०.९ ते ०.९५ च्या आसपास असतो. अॅल्युमिनियम पेंटची मात्र बरीच कमी असते, आणि आपल्या कारखान्यांत कितीतरी लाइनी चंदेरी असतात. त्यावर कॅमेरा रोखला की पाइपचं नाही, शेजारच्या स्टीम लाइनचं प्रतिबिंब दिसतं. अशा जागी मॅट काळा रंग मारून घ्या. शंका आली तर जागा बदलून बघा: तुमच्याबरोबर डाग सरकला तर ते प्रतिबिंब आहे.

कॅमेऱ्याची तापमानाची पट्टी ऑटोवर ठेवू नका, लॉक करा. नाहीतर दर फोटोत तेच तापमान वेगळ्या रंगात येतं. मी करड्या रंगछटाच वापरते, इंद्रधनुषी रंगांत नसलेल्या कडा दिसायला लागतात. पाइप गोल असल्यामुळे कडेचा भाग तिरका दिसून खोटं तापमान देतो, तेव्हा चारही बाजूंनी समोरून घ्या.

पाणी भरायला लागल्यापासून पंधरा मिनिटं, दर दहा सेकंदांनी फ्रेम साठवा. ६ मिलिमीटर पोलाद आणि ५ मिलिमीटर रबर असेल तर उघडी पडलेली जागा पहिल्या एक-दोन मिनिटांतच उजळते, चांगला भाग सावकाश तापतो आणि फुगा त्याच्याही मागे रेंगाळतो. पोलाद उष्णता आडवी पसरवतं, त्यामुळे सुरुवातीला रेखीव असलेला डाग पुढे पुसट होत जातो. शेवटचा एकच फोटो घेणाऱ्याच्या हातून नेमका हाच पुरावा निसटतो.

काही दोष या पद्धतीने सापडत नाहीत. सुईच्या टोकाएवढं भोक दिसणार नाही, त्याला स्पार्क टेस्टच हवी (लायनिंगवरून उच्च दाबाच्या विजेचा प्रोब फिरवतात, भोक असेल तिथे ठिणगी पडते). फुग्यात हवेऐवजी पाणी किंवा आम्ल भरलं असेल तर फरक इतका मंद होतो की नजरेतून सुटतो. पीटीएफई (टेफ्लॉन) लाइन्ड पाइपमध्ये तर अस्तर चिकटवलेलंच नसतं, बाहेर व्हेंटची भोकं असतात. तिथे मागची पोकळी म्हणजे दोष नव्हे.

संशयित जागा खडूने आखा, स्पूल उतरवा, आतून टॅपिंग करा (हलकं ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका), कोरडं करून स्पार्क टेस्ट घ्या, बाहेरून अल्ट्रासॉनिक यंत्राने पोलादाची जाडी मोजा. एक गोष्ट कळकळीने सांगते: आम्ल पोलादाला भिडलं की हायड्रोजन तयार होतो आणि तो लायनिंगमागे साठलेला असू शकतो. आखलेल्या जागेवर ग्राइंडर, ड्रिल किंवा वेल्डिंग कुणालाही लावू देऊ नका. रिपोर्टमध्ये पाण्याचं तापमान, पहाटेची वेळ आणि मूळ रेडिओमेट्रिक फाइल (जिच्यात प्रत्येक बिंदूचं तापमान साठवलेलं असतं) जोडा, म्हणजे पुढच्या शटडाउनला त्याच परिस्थितीत तुलना करता येईल.