ऊसतोडीच्या दिवसांत जातिवंत कोंबड्यांची पैदास आणि राखण

सोलापूर जिल्ह्यात अंडी उबवायला बसवायचे खरे दिवस म्हणजे दिवाळी ते महाशिवरात्र. पुढं पारा चाळिशीपार गेला की नराची ताकद उतरते, अंडी रिकामी निघतात आणि निघालेली पिल्लं उन्हानं माना टाकतात. थंडीत बसवलेल्या अंड्यांची पिल्लं मात्र उन्हाळ्याआधी पिसांनी भरून येतात. अडचण एवढीच, की याच दिवसांत माळशिरस, पंढरपूर, माढ्याकडं ऊसतोड जोरात असते. उभ्या उसात दडलेला कोल्हा, रानमांजर, मुंगूस फड मोकळा झाला की वस्त्यांच्या आसपास फिरू लागतात. म्हणून असील किंवा कडकनाथ या देशी जातींची शुद्ध पैदास करायची असेल, तर पैशांचा पहिला हिस्सा जाळीच्या पक्क्या कप्प्यावर घाला, अंडी-पिल्लं नंतर आणा. ज्या जाळीनं गावठी कोंबडा आत येत नाही, तीच नीट बसवली तर मुंगूसही येत नाही.

आधी पक्ष्याची पारख. वनराजा, गिरीराज हे पक्षी परसात चांगले चालतात, पण ते संकरित आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लांत आईबापाचे गुण एकसारखे उतरत नाहीत. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नुसता काळा रंग बघून मात्र पैसे मोजू नका. कडकनाथ आणि गावरान यांच्या संकरातली पिल्लंही काळसर निघू शकतात. तुरा, जीभ, नखं, पाय आणि पिसं बाजूला सारून कातडी, सगळं तपासा. तुऱ्यात तांबूस झाक किंवा पायाला फिकेपणा दिसला तर शंका घ्या. अंडं काळं नसतं, फिक्कट तपकिरी असतं. काळं अंडं विकणारा भेटला तर पाकीट खिशातच राहू द्या. असील बघताना ताठ उभी मान, अंगाला चिकटलेली पिसं, बुटका वाटाण्यासारखा तुरा आणि चोचीखाली जेमतेम लोंबणारी लाल कातडी बघा.

शुद्धतेचा घोळ बहुतेक वेळा नर बदलताना होतो. मादीच्या पोटात नराचं वीर्य दोन ते तीन आठवडे टिकतं. मोकळ्यावर फिरलेली कोंबडी आज कडकनाथ नराजवळ कोंडली आणि आठवड्यानं अंडी बसवली, तर बाप शेजारच्या वस्तीवरचाही असू शकतो. पूर्ण तीन आठवडे कोंडून ठेवा, तोवरची अंडी खा नाहीतर विका. हलक्या जातीत एका नराला आठ ते दहा माद्या पुरतात. असीलचा नर जड, त्याला पाच-सहाच द्या. दोन असील नर एका कप्प्यात ठेवू नका, जिवावर उठतात.

दरवर्षी तोच नर आणि त्याच्याच लेकी असं चाललं, तर दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी होतात आणि पिल्लं किडकिडीत निघतात. जागा असेल तर तीन कप्पे करा. पहिल्या कप्प्यातले तरुण नर दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले पहिल्यात. तलंगा, म्हणजे तरुण माद्या, मात्र जन्मल्या कप्प्यातच ठेवा. पिल्लांच्या पायात कप्प्यानुसार रंगीत कडी घाला.

कडकनाथची मादी खुडूक बसेलच याचा भरवसा नाही, म्हणून तिची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवा. मध्यम अंगाच्या कोंबडीला दहा-बारा बस्स. अंडी न धुता, टोक खाली करून, गार जागी आठवडाभरापर्यंत साठवता येतात. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं नाही तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं येतात.

आता राखणीचं. नुकसान झालं की आधी खुणा बघा, उपाय त्यावर ठरतो. पाच-सहा पक्षी मारून तिथंच टाकलेले असतील तर बहुधा कुत्रं. एखादा पक्षी गायब आणि पिसांचा माग बांधाकडं गेलेला असेल तर कोल्हा किंवा रानमांजर. टरफलही न ठेवता अंडी गेली तर साप. रक्ताचा थेंब नाही, पिल्लं रोज एक-दोन कमी होतायत आणि कोपऱ्यात उकरलेली माती दिसतेय, तर घूस. मुंगूस दिवसाढवळ्या येतं आणि मानेला धरतं.

बाजारातली पातळ षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला थांबवत नाही. खालच्या तीन फुटांना अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली मजबूत तारेची जाळी लावा. मुरमाड माळावर खोल खणणं जिवावर येतं. तिथं जाळी बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीवर पसरून वर दगड रचा. उकरणारं जनावर कुंपणाच्या पायथ्याशीच उकरतं आणि जाळीला अडतं. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात वेगळंच दुखणं: जमीन भेगाळली की खांब कलतात आणि जाळीखाली फट पडते. तिथं रात्रीच्या खुराड्याला खाली शहाबादी फरशी घाला, सांधे सिमेंटनं भरा. कडब्याची गंज खुराड्यापासून लांब रचा, उंदीर, साप, मुंगूस तिन्ही तिथंच मुक्काम करतात. सांडलेलं खाद्य संध्याकाळी झाडून घ्या. दिवस मावळायच्या आत पक्षी मोजून कोंडा. दाराला कडी आणि खिट्टी दोन्ही हवीत.

घार आणि शिक्रा यांचा धोका पिल्लं लहान असेपर्यंत जास्त. पहिला महिनाभर डालग्याखाली किंवा वरून जाळी ताणलेल्या कप्प्यातच ठेवा.

मांसात विष घालून ठेवणं, फास लावणं, कुंपणात घरची वीज सोडणं यातलं काहीही करू नका. कोल्हा, रानमांजर, मुंगूस हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, आणि विजेच्या तारेला पहिल्यांदा घरातलंच माणूस चिकटायचं. बिबट्याचा माग दिसला तर स्वतः शोधत फिरू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पिल्लं पाच-सात दिवसांची असताना, पुढं गंबोरो, देवी आणि मानमोडीचा मोठा डोस यांचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून आणा. निवडलेल्या नरांपैकी एक-दोन भावकीत किंवा पाहुण्यांकडं, दुसऱ्या वस्तीवर सांभाळायला द्या; रोग आला किंवा कोल्ह्यानं एका रात्रीत खुराडं रिकामं केलं तरी वाण हातात राहतो.