बडोद्यात ॲक्टिव्हा चालवणाऱ्यांसाठी स्नोमोबाइल

हिवाळ्यात मुलांकडे कॅनडाला निघालात आणि पाइनच्या जंगलात स्नोमोबाइल (पुढे स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, असलेली बर्फावरची गाडी) चालवायची हौस असेल, तर ती जरूर पुरवा. फक्त स्कूटरवर हाताला लागलेली सवय आधी मोडावी लागते.

इथे ॲक्सिलरेटर पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने खटका दाबायचा असतो. ब्रेक डाव्या मुठीत. माणूस घाबरला की दोन्ही मुठी आवळतो, अंगठाही दाबला जातो आणि गाडी झाडाकडे उसळते. म्हणून इंजिन बंद ठेवून अंगठा सोडणं आणि ब्रेक धरणं दहा-पंधरा वेळा घोटून घ्या. किल-स्विचची दोरी जॅकेटला अडकवा. पडलात तर इंजिन तिथेच बंद होतं. अंगावर आतून लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे कपडे हवेत. सुती बनियन घामाने ओली होते आणि तशीच गार पडते.

रात्रभर उभ्या गाडीचा रबरी ट्रॅक बर्फाला चिकटतो. इंजिन दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या, मग ते बंद करून दोघांनी मागचा बंपर उचलून गाडी हलवा. तशीच रेस दिली तर बेल्ट जळतो. आत ॲक्टिव्हासारखाच व्हेरिएटर (गिअरचं काम आपोआप करणारी पुली) आणि बेल्ट असतो. करपलेल्या रबराचा वास आला की थांबा. जादा बेल्ट जवळ ठेवा, तो बदलायला निघण्याआधीच शिका.

ही गाडी वळणावर स्कूटरसारखी कलत नाही, कलायचं आपण. वेग वळणाआधीच कमी करा आणि वजन आतल्या बाजूला घ्या. वळणात जोरात ब्रेक मारला तर ट्रॅक थांबून मागचा भाग बाहेर फेकला जातो. एकदम रेस दिली तर पुढच्या स्कींवरचा भार हलका होऊन गाडी सरळच जाते. आणि कॅनडात उजवीकडून चालवायचं. समोरचं दिसत नसलेल्या वळणावर डावीकडे सरकायची आपली सवय जिवावर बेतू शकते.

ट्रेल, म्हणजे या गाड्यांची बर्फातली वाट, बहुधा रात्री ग्रूमर नावाचं यंत्र फिरवून सपाट करतात. दाबलेला बर्फ थंडीत काही तास निवांत राहिला की घट्ट बसतो, म्हणून सकाळची फेरी सगळ्यात छान. दुपारपर्यंत वर्दळीने खड्डे-उंचवटे होतात. आणि ग्रूमर समोरून आला तर कडेला थांबून त्याला वाट द्या.

अगदी कडक, बर्फाच्या काचेसारख्या ट्रेलवर मात्र एक वेगळीच अडचण येते. ट्रॅकने उडवलेला बर्फाचा भुगा हाच या गाडीचं वंगण असतो, आणि लिक्विड-कूल्ड इंजिनही त्यानेच गार राहतं. भुगा उडाला नाही तर ट्रॅक ज्यांच्यावरून सरकतो त्या आतल्या रुळांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वितळतात आणि तापमानाचा दिवा लागतो. मागच्या रुळांना स्क्रॅचर असतील तर ते खाली सोडा, ते बर्फ खरवडून भुगा करतात. नसतील तर ट्रेलच्या कडेचा मऊ बर्फ धरून चाला. दिवा विझत नसेल तर इंजिन बंद करून ते निवू द्या. गाडी मागे घेताना स्क्रॅचर आधी वर करा, बरेचसे उलट जाताना वाकतात.