फोंतेन्यासच्या खिडक्या टिपताना

पणजीत फोंतेन्यासला, म्हणजे जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांच्या वस्तीत, सकाळी साडेसातच्या आत पोचा. नंतर प्रत्येक निळ्या भिंतीपुढे कुणीतरी पोझ देत उभं असतं. मी मोबाईल खिशात ठेवून गल्ली एकदा नुसतीच चालतो, मान वर करून. छपरावरचा कोंबडा, घर नंबराची निळी-पांढरी अझुलेजो (रंगवलेली चकचकीत पोर्तुगीज) फरशी अशीच सापडते. शिंपल्यांची खिडकी मात्र बाहेरून मळकटच दिसते. काचेऐवजी लाकडी पट्ट्यांत बसवलेले ते पातळ शिंपले आतून, उन्हासमोर पाहिले तरच दुधी चमकतात. म्हणून घरच्यांना विचारून आत जा, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उजेडावर लॉक करा. फ्लॅश नको. एका आजीने मला बलकांवातून (घरापुढच्या बसायच्या ओसरीतून) हटकलं होतं, "फोटो काढ रे, पण माझे वाळत घातलेले कपडे नकोत!" तेव्हापासून जवळ जाऊनच काढतो.