स्मरणिकेत इंग्रजी पान लिहायला बसण्याआधी

गेल्या वर्षी आमच्या गावच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेत एक पान इंग्रजीत हवं होतं, पणजी-मडगावचे जाहिरातदार वाचतील म्हणून, आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी झोकात लिहिलं, 'बीइंग व्हेरी ओल्ड अँड फुल ऑफ क्रॅक्स, अवर प्रेसिडेंट डिसायडेड टू रिपेअर द स्टेज.' जुना नि तडे गेलेला रंगमंच होता हो, पण इंग्रजीत सगळे तडे अध्यक्षांना गेले. जत्रेत पोरं त्यांना विचारत होती, सिमेंट लावलं का म्हणून.

तर यंदा जो कोणी लिहिणार असेल त्याच्यासाठी. स्पेलिंग, कॅपिटल वगैरे बघालच, ते सोडतो.

वाक्यांचे प्रकार एकदा आठवून घ्या. शाळेतलं केवल, संयुक्त, मिश्र म्हणजेच सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स, आणि दोन्हींची खिचडी म्हणजे कंपाउंड-कॉम्प्लेक्स. सगळी एकाच जातीची नकोत, दोन लांब झाली की एक आखूड टाका, वाचणाऱ्याला दम घेऊ दे. आपण मराठीत कॉमा टाकत वाक्याला वाक्य जोडत सुटतो, मी आत्ता करतोय तसंच, इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता कॉमा चालत नाही. फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो, ह्या सातांतला एक कॉमानंतर घ्या, नाहीतर सेमीकोलन, नाहीतर गपचूप फुलस्टॉप. आणि 'हाउएव्हर' त्या सातांत नाही! त्याच्या आधी कॉमा टाकून निभावत नाही.

आता माझं दुखणं. वाक्य 'इंग'वाल्या शब्दाने किंवा 'डिझाइन्ड', 'बिल्ट' असल्या शब्दाने सुरू केलंत तर कॉमानंतर लगेच जो येतो तोच त्या कामाचा धनी. मराठीत 'मिरामारला फिरताना मोबाईल पडला' म्हटलं तर कोण फिरत होतं ते ऐकणाऱ्याला कळतं. तेच इंग्रजीत 'वॉकिंग अॅट मिरामार, द फोन फेल' केलं की फोनच फिरायला निघाला. कला अकादमीची इमारत चार्ल्स कोरियांनी डिझाइन केली हे खरं, पण 'डिझाइन्ड बाय चार्ल्स कोरिया, टुरिस्ट्स लव्ह कला अकादमी' लिहिलंत तर कोरियांनी टुरिस्टच डिझाइन केले. उपाय दोनच. कॉमानंतर खरा धनी आणून बसवा, नाहीतर 'बिकॉज द स्टेज वॉज ओल्ड' असं त्या तुकड्याला त्याचा स्वतःचा कर्ता द्या. 'ताना' आणि 'ल्यामुळे' डोक्यात आलं की हात थांबवा. परत सांगतो, कॉमानंतर कोण आहे बघा.

क्रियापद. आपलं शेवटी येतं, तोवर ऐकणारा धीर धरतो, तीच सवय इंग्रजीत नेली तर कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये देणगीदारांची अख्खी यादी घुसते नि वाचणारा वाटेतच हरवतो. कोण आणि काय केलं हे आधी सांगा, यादी मागे लावा.

यादीतले शब्द एका साच्याचे ठेवा. 'सिंगिंग, डान्सिंग अँड टू अॅक्ट' नको. 'इट वॉज डिसायडेड' कमी करा, कोणी ठरवलं त्याचं नाव घ्या, कमिटीलाही बरं वाटतं.

मग मोठ्याने वाचा. प्रूफ आलं की परत वाचा. त्यात फक्त 'इंग'वाल्या नि 'डिझाइन्ड'सारख्या शब्दाने सुरू होणारी वाक्यं शोधा, प्रत्येकाच्या कॉमानंतर बोट ठेवा, कोण आहे? नसेल बरोबर तर खोडा.

आणि छापायला देण्याआधी अध्यक्षांना दाखवा. मला यंदा पान दिलेलं नाही.