कासवाचं बारसं करायच्या आधी

आमच्या बंड्यानं सहाव्या वर्षी टाकीत चार अंडी घातली, तेव्हापासून कासवाला नाव ठेवायच्या आधी थोडी तयारी करायला हवी असं माझं ठाम मत झालंय. पांढरी, लांबट, अंगठ्याच्या पेराएवढी अंडी, त्यातलं एक फुटून पाण्यात पसरलेलं, आणि आई पडवीतून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतेय की अगो, बंड्या बाळंत झाला! घरात दुसरं कासव नव्हतं. पण मादी नराशिवायही अंडी घालते, पिल्लं तेवढी निघत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

तर आता दुसरं कासव आलंय, मित्राची बदली झाली म्हणून त्यानं टबासकट आणून दिलं, आणि या खेपेला मी सगळं रीतसर करायचं ठरवलंय. पहिलं म्हणजे नावाच्या आधी कासव कुठलं ते बघून घ्या. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते रेड इअर स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं ते. (तो लाल पट्टा म्हणजे कान नव्हे, नुसता रंग.) पण पावसात खाचरात नाहीतर विहिरीवर सापडलं आणि पोरांनी बादलीत घालून आणलं असेल, तर ते आपल्याकडचं रानटी कासव, त्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, घरात ठेवणं गुन्हा आहे. अशा वेळी नावाच्या भानगडीत पडूच नका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन लावा. किनाऱ्यावरचं पिल्लू उचलून आणायचा तर विचारही नको. आणि उलटही तेवढंच खरं, कंटाळा आला म्हणून स्लायडर पऱ्ह्यात नाहीतर देवळाच्या तळ्यात सोडून यायचं नाही, ते दांडगं असतं, आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतं.

दुसरं, नर की मादी हे आत्ता कळणार नाही हे मान्य करून टाका. दुकानदार छातीठोकपणे सांगतो पण त्यालाही माहीत नसतं. स्लायडरचं लिंग ठरतं अंडं उबताना, माती गार असली तर नर, गरम असली तर मादी, आणि बाहेरून दिसायला कासव साधारण १० सेंटीमीटरचं व्हावं लागतं. मग बघायचं, पुढच्या पायांची नखं चांगली लांबच लांब आणि शेपटी जाड असेल तर नर, नखं आखूड आणि अंग मात्र वाढतच चाललंय तर मादी. बंड्या ताटाएवढा झाला तरी आम्ही कौतुकानं म्हणत होतो की काय पैलवान आहे, नखं कोणी बघितलीच नाहीत!

इथे मराठीचा एक फायदा आहे, ते कासव, ते जेवलं, ते उन्हात बसलं, असं म्हणत दोनतीन वर्षं आरामात काढता येतात. हिंदीत कछुआ म्हटलं की तो पहिल्या दिवसापासून पुरुषच. तेव्हा घाई असेल तर तात्पुरतं पिल्लू म्हणा, नाहीतर दोन्हीकडे चालेल असं नाव बघा, किरण, शीतल, सुहास वगैरे. शीतल तर थंड रक्ताच्या प्राण्याला शोभतंही.

मग नावं गोळा करायची. आमच्याकडे गुहागरात याची ददात नाही, कारण इथल्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची नावं पेपरात येऊन गेलीत. २०२२ मध्ये कुठे जातात ते कळावं म्हणून सॅटेलाइट टॅग लावून सोडली त्यातली वेळासची प्रथमा, अंजर्ल्याची सावनी, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या वनश्री, रेवा, लक्ष्मी. पुढच्या वर्षी बागेश्री आणि गुहा. गुहा हे गुहागरवरून, हे मला सगळ्यात आवडतं. आणि ती बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात गेली होती. सगळी नावं बायकी का, तर किनाऱ्यावर अंडी घालायला मादीच येते, नर कशाला वाळूत येईल, त्यामुळे टॅग लागला तो माद्यांनाच. म्हणजे ही यादी मुलगी निघाली तर उपयोगाची.

मुलगा निघाला तर अकूपार आहे, महाभारतातलं ते जुनं कासव, ज्याला इंद्रद्युम्न राजा आठवत होता, बाकी सगळे विसरले तरी. छान नाव, पण शेजारच्या काकूंनी दोन दिवसांत त्याचा अंकुर केला, म्हणून एक सूचना, नाव घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून आणि सगळ्यात लहान पोराकडून पाच पाच वेळा म्हणून घ्या. कूर्मा मी सुचवलं होतं, आईनं मोडीत काढलं, म्हणाली देवळात ज्याच्यासमोर हात जोडायचे त्याच्या नावानं घरी टब घासताना काय बोलू? पटलं. भावकीतल्या कोणाचं नाव तर अजिबात नको, गणपतीला सगळे एकत्र येतात तेव्हा भांडण ठरलेलं.

रेल्वेगाड्यांची नावंही बघून ठेवा, संथ जनावराला तेजस म्हणण्यात वेगळीच मजा आहे, मांडवी पण गोड. तुतारी नको, पाहुणे आले की विषय थेट निवडणुकीवर जातो. लाल पट्ट्यावरून लालपरी असं माझ्या भाच्यानं सुचवलंय, एसटीवाल्या मामाला तर ते फारच आवडलं.

पाठीवर ऑइलपेंटनं नाव लिहायचं नाही, पाठीचे पापुद्रे निघत असतात आणि रंग त्यांना मारक. हवं तर टबावर चिकटपट्टी लावा. बारशाला पोरं जमली तर कासवाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायला लावा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो, पेढे नंतर. आणि हाक मारून ते येईल ही आशा आधीच सोडा, त्याला कानाचं भोकच नसतं, पडदा कातडीखाली, खर्जातला आवाज थोडाफार कळतो. बंड्या सहा वर्षांत नावाला एकदाही वळला नाही, पण खाण्याच्या डब्याचं झाकण खट् वाजलं की टबाच्या कडेला मान ताणून हजर.

सध्या फ्रिजवर दोन कागद लावलेत, एकावर गुहा, दुसऱ्यावर तेजस, मध्ये शून्य ते दहा सेंटीमीटरची पट्टी. काल मोजलं, सहा भरलं. आई मात्र कालपासून त्याला बंड्याच म्हणतेय.